दोघांचा वेग

मोटारसायकलवरून पृथ्वीप्रदक्षिणा करणाऱ्यांचा इतिहास बहुतेक एकट्यांच्या नावाने लिहिला गेला आहे. १९१२-१३ मध्ये हेंडरसन गाडीवरून जगाला वळसा घालणारा अमेरिकन कार्ल स्टर्न्स क्लॅन्सी, १९३२ मध्ये लंडनहून निघून टोकियो गाठणारा रॉबर्ट एडिसन फुल्टन, १९७३ ते १९७७ ही चार वर्षं ट्रायम्फवर काढणारा टेड सायमन, त्याच १९७३ मध्ये लहानशा कावासाकीवर निघालेली फ्रेंच लेखिका आन-फ्रान्स दोतविल, १९८२ मध्ये बीएमडब्ल्यूवर लंडन सोडणारी एल्सपेथ बेअर्ड. या छंदातली माणसं ही नावं आदराने घेतात, आणि ती त्या आदराला पात्र आहेत. आपल्याकडे २०२३ मध्ये नऊवारी नेसून गेटवे ऑफ इंडियावरून निघालेल्या रमिला लटपटे यांचं कौतुक झालं तेही एकटीच्या धाडसाचं, आणि ते रास्तच होतं. पण या सगळ्या कौतुकाच्या मुळाशी एक गोष्ट न बोलता धरून चाललेली असते: एकट्याचा प्रवास अस्सल, सोबतीने केलेला त्याच्या एक पायरी खाली. दोन जोडीदार वर्षानुवर्षं मोटारसायकलवर जग फिरून आले, तर हौशी जोडपं म्हणून त्यांची बोळवण होते. मला ही प्रतवारी चुकीची वाटते. दोघांनी केलेला लांबचा मोटारसायकल प्रवास सोपा तर नसतोच, उलट काही बाबतींत तो एकट्याच्या प्रवासाहून कठीण असतो आणि जगाबद्दल जास्त सांगून जातो. एकट्याला आपली भीती मनातल्या मनात मिटवता येते. दोघांत ती बोलून दाखवावी लागते, दुसऱ्याची ऐकून घ्यावी लागते, आणि मग दोन वेगळ्या भीतींतून एकच वेग ठरवावा लागतो.

हे नुसतं म्हणणं राहू नये यासाठी हिमालयातल्या एखाद्या नाल्यापाशी थांबू. मनाली-लेह रस्त्यावर किंवा स्पितीत असे नाले ठिकठिकाणी रस्ता आडवा कापून जातात. पाणी बर्फाचं. सकाळी ते बेताचं असतं. ऊन चढेल तसं वरचं बर्फ वितळतं आणि दुपारी तीन-चारच्या सुमाराला तोच नाला ओळखू येत नाही. पाणी गढूळ असल्याने तळाचे गोटे दिसत नाहीत, आणि चाक घसरतं ते अशाच न दिसणाऱ्या गोट्यावरून. एकटा माणूस काठावर उभा राहतो, एखादा ट्रक कुठून जातो ते पाहून घेतो आणि गाडी आत घालतो. दोघं असतील तर एक जण उतरतो. बूट भिजणार हे धरूनच तो पाण्यात शिरतो, हातात काठी, प्रत्येक पाऊल चाचपत. इथे घोट्याएवढं, इथे गुडघ्याच्या वर. डाव्या हाताला मोठा धोंडा, मध्ये खड्डा, पलीकडचा काठ चढताना निसरडा चिखल. एक तर तो पलीकडे पोचून हात करतो, नाही तर अर्ध्यातून मागे फिरतो आणि म्हणतो, ‘आज नको. उद्या सकाळी बघू.’ चालवणाऱ्याला मात्र वाटत असतं, की जमेल. आता कोणाचं ऐकायचं? ज्याच्या हातात हँडल आहे त्याचं, की ज्याने पायांनी तळ पाहिला त्याचं? एकट्याच्या वाट्याला हा प्रश्न येत नाही. दोघांत मात्र ‘जमेल’ म्हणणाऱ्याला कारण द्यावं लागतं, आणि कारण शोधायला लागलं की पुष्कळदा उमगतं, की पलीकडे जायची ओढ आहे ती मुक्काम गाठायच्या घाईने. पाण्यात तर काहीच फरक पडलेला नाही. ‘नको’ म्हणणाऱ्यालाही हिशेब द्यावा लागतो: रात्र इथे काढायची तर तंबूला जागा कुठे, खायला काय शिल्लक आहे, उंचीवरची थंडी सोसेल का. नाल्याकाठचं हे पाच मिनिटांचं बोलणं मला या प्रवासप्रकाराचा गाभा वाटतं. असं बोलणं वर्षभर, दोन वर्षं, दहा वर्षं, रोज कुठल्या ना कुठल्या नाल्यापाशी करत राहायचं असतं.

यावर पहिला आक्षेप ठरलेला आहे, आणि तो हलका नाही. एका गाडीवर दोघं असले तर चालवतो एकच. मागे बसलेलं माणूस हे फार तर बोलतं सामान. हा आक्षेप घेणाऱ्यांनी त्या मागच्या सीटवर काय चालतं ते नीट पाहावं, असं मला वाटतं. हिमालयन ४५० या गाडीचं वजन १९६ किलो आहे, बीएमडब्ल्यूच्या आर १२५० जीएस अॅडव्हेंचरचं २६८. त्यावर दुसरं माणूस, तंबू, भांडी, हत्यारं आणि दोन्ही बाजूंच्या पेट्या चढल्या की शंभर-दीडशे किलोंची भर सहज पडते, आणि ती बहुतेक सगळी मागच्या चाकावर. पुढचं चाक त्या मानाने हलकं होतं. डांबरी रस्त्यावर हे फारसं जाणवत नाही. रेतीत आणि खडीत जाणवतं. अर्जेंटिनात अँडीजच्या कडेकडेने पाच हजारांवर किलोमीटर जाणारा ‘रुता ४०’ हा रस्ता आहे. तो आता बराचसा डांबरी झाला असला तरी खडीचे लांबलांब तुकडे त्यात अजून आहेत. तिथले लोक त्या खडीला ‘रिपिओ’ म्हणतात. ट्रकच्या चाकांनी पाडलेले दोन चर, चरांमध्ये सैल खडीचा वरंबा, आणि पाटागोनियाच्या मोकळ्या माळावर पश्चिमेकडून येणारा आडवा वारा. गाडी सरळ न्यायची तर ती वाऱ्याच्या अंगाला कलती धरावी लागते. चाक चरातून निसटून वरंब्यावर चढलं की हँडल हातात वळवळायला लागतं. एकटा चालक अशा वेळी पायांवर उभा राहतो आणि गाडीला खाली हवी तशी हलू देतो. मागे कोणी असेल तर तेही अवघड होऊन बसतं. मागच्या माणसाने त्या क्षणी काहीही न करणं हेच त्याचं काम: गुडघ्यांची पकड, वरचं अंग सैल, डोकं चालकाच्या खांद्याआड. दचकून एका बाजूला झुकलं तर दोघंही खडीत. हाताशी ब्रेक नाही, क्लच नाही, समोरचा रस्ता हेल्मेटाआडून तुकड्यातुकड्याने दिसतो, आणि तरी स्थिर राहायचं. चालवणाऱ्याची भीती हातापायांतून वाहून जाते. मागच्याच्या भीतीला बाहेर पडायला वाटच नसते. ती गिळून स्वतःच्या शरीराला अशी शिस्त लावणं हे कौशल्य आहे, आणि मोटारसायकलीवरच्या लिखाणात त्याची दखल फार क्वचित घेतली जाते.

आक्षेपाचा एक भाग मात्र मी मान्य करतो. आपल्या शहरांत डबलसीट जाणारी जोडपी पाहिली तर मागे कोण बसतं हे सांगावं लागत नाही, आणि जगाच्या प्रवासाला निघाल्याने ही सवय आपोआप सुटत नाही. कॅनडातल्या व्हँकूव्हरहून १९८७ मध्ये निघालेले ग्रँट आणि सुझन जॉन्सन एकाच बीएमडब्ल्यू आर ८० जी/एस वर गेले. पुढे जगभरच्या मोटारसायकल प्रवाशांना एकत्र आणण्याचं मोठं काम या दोघांनी मिळून केलं. उलट १९९० मध्ये निघालेले अमेरिकन गुंतवणूकदार जिम रॉजर्स आणि टॅबिथा एस्टाब्रूक दोन गाड्यांवर होते, आणि २००३ मध्ये इंग्लंड सोडणारे सायमन आणि लिसा थॉमसही. दोन गाड्या म्हणजे समानता आणि एक गाडी म्हणजे गुलामी, असं सोपं समीकरण मांडायला मी तयार नाही. दोन गाड्यांचा ताण वेगळाच असतो. कच्च्या रस्त्यावर पुढच्या गाडीचा धुरळा एवढा उडतो की मागच्याला दिसावं म्हणून बरंच अंतर ठेवावं लागतं. दिवसभर दोघं एकमेकांपासून दूर, पुढच्याची नजर आरशात मागचा दिवा शोधत असते आणि तो दिसेनासा झाला की काळजी सुरू. गाडी थांबवायची, वाट पाहायची, आणखी थोडी पाहायची, मग वळून मागे जायचं. त्यात जो पुढे असतो तो वेग ठरवतो आणि मागच्याला तो झेपत नसला तरी ओढत जावं लागतं. म्हणून ज्याचा हात कच्चा त्याला पुढे घालणं शहाणपणाचं ठरतं, आणि पक्क्या हाताच्या माणसाला ते दिवसच्या दिवस जड जातं. एक गाडी की दोन, यापेक्षा मी दुसरंच विचारीन: या दोघांत ‘नको’ म्हणायचा हक्क कोणाला आहे, आणि तो वापरल्यावर दुसरा तोंड पाडतो का? हा हक्क दोघांना असेल तर एक गाडीही पुरते. नसेल तर दोन गाड्यांनी काही बदलत नाही.

सोबतीची बाजू मांडताना लोक अपघाताचा दाखला देतात. सायमन थॉमस याची अॅमेझॉनच्या जंगलात मान मोडली होती; अशा जागी दुसरं माणूस जवळ असणं म्हणजे काय, ते समजावून सांगावं लागत नाही. तरी मी या दाखल्यावर फार भार टाकणार नाही. संकटात उपयोगी पडावं म्हणून सोबत घ्यायची असेल तर सोबती मित्र चालेल, पगारी मेकॅनिकही चालेल. थेरेसा वॉलक आणि फ्लॉरेन्स ब्लेंकिरन या दोन इंग्रज तरुणी १९३४ च्या डिसेंबरात साइडकार लावलेल्या पँथरवरून लंडनहून निघाल्या, सहारा ओलांडून १९३५ च्या जुलैत केपटाऊनला पोचल्या. त्यांच्या सोबतीला संसाराचा संबंध नव्हता. माझा मुद्दा अपघाताच्या दिवसाबद्दलचा नाही. काहीच घडत नाही अशा शेकडो दिवसांबद्दलचा आहे. त्या दिवसांत एकट्याचं मत त्याच्या जवळच पडून राहतं, त्याला टोकणारं कोणी नसतं. दोघांचं रोज घासलं जातं.

इथे एकांताचा कैवार घेणारे पुढे येतात. त्यांचं म्हणणं असं, की लांबच्या प्रवासाचं सार एकटेपणात आहे. आपलं माणूस सतत जवळ असलं की आपण घरच बरोबर नेतो, मग निघालो कशाला? मोटारीतल्या, रेल्वेतल्या, विमानातल्या जोडप्याला हे लागू पडेल. मोटारसायकलची गोष्ट निराळी आहे. ताशी नव्वद-शंभर किलोमीटरला हेल्मेटात वाऱ्याचा जो आवाज भरतो तो रहदारीच्या कल्लोळाहून मोठा असतो. वीतभर अंतरावर बसलेल्या माणसाशीही इंटरकॉमशिवाय बोलता येत नाही. इंटरकॉमच्या आधीच्या काळात जोडप्यांचं संभाषण खांद्यावरच्या थापा आणि बोटांच्या खुणांवर चालायचं: एक थाप म्हणजे थांब, बोट दाखवलं म्हणजे तिकडे बघ. आता ब्लूटूथ आहे. पण अनुभवी जोडपी तो बराच वेळ बंद ठेवतात, आणि ते मला योग्य वाटतं. म्हणजे दिवसाचे सहा-सात तास दोघंही आपापल्या हेल्मेटात एकटे असतात, अंगाला अंग लागलेलं असूनही. एक जण रस्त्याकडे बघतो, दुसरा बाजूच्या शेतांकडे, डोंगरांकडे, घरांच्या दारांत उभ्या असलेल्या माणसांकडे. संध्याकाळी गाडी स्टँडवर लागली की एकाच रस्त्याचे दोन वृत्तांत समोर येतात, आणि ते जुळत नाहीत. इतका एकांत आणि इतकी सोबत एकाच दिवसात देणारं दुसरं वाहन मला माहीत नाही. तरीही ज्याला निखळ एकटेपण हवं त्याने एकट्यानेच जावं. लोइस प्राइस ही इंग्रज लेखिका त्याचं चांगलं उदाहरण आहे. तिचा नवरा ऑस्टिन व्हिन्स मित्रांबरोबर मोटारसायकलने जग फिरून आलेला. २०११ मध्ये लंडनच्या इराणी वकिलातीबाहेर लावलेल्या तिच्या गाडीवर कुणा इराण्याने इराण पाहायला या अशी चिठ्ठी ठेवली, आणि पुढे ती इराणला गेली ती एकटी. २०१७ मध्ये त्यावर पुस्तक लिहिलं. घरी मुरलेला प्रवासी नवरा असताना तिने एकटीने जाणं निवडलं याबद्दल मला पूर्ण आदर आहे. एकट्याचा प्रवास कमी प्रतीचा आहे असं म्हणण्याचा माझा हेतूच नाही. दोन्हींची प्रत वेगळी आहे एवढंच माझं म्हणणं.

याच धर्तीचा आणखी एक आक्षेप जास्त गंभीर आहे: जोडपं आपल्यातच मग्न राहतं, एकटा माणूस मात्र गरजेपोटी लोकांकडे जातो आणि लोक त्याला जवळ करतात. युरोपातल्या एखाद्या कॅम्पिंगच्या मैदानावर हे खरं असेल. पण इराणच्या, पाकिस्तानच्या, सुदानच्या, आपल्या बिहारच्या खेड्यात पाहा. एकटा परका पुरुष तिथे कोड्यासारखा असतो: याला घरदार नाही का, हा इथे कशाला आला? जोडपं आलं की कोडं निम्मं सुटतं. पहिला प्रश्न येतो, मुलं किती? नाहीत म्हटलं की हळहळ, सल्ले, देवाचं नाव; आहेत म्हटलं की फोटो दाखवायचा आग्रह. हा प्रश्न शहरी कानांना खटकतो, पण तो ओळखीचा दरवाजा आहे आणि जोडप्यापुढे तो लगेच उघडतो. त्याहून महत्त्वाची गोष्ट घराच्या रचनेतली. पश्तून मुलखात परक्या पाहुण्याला उतरवतात ते ‘हुजरा’ या पुरुषांच्या बैठकीत. एकटा पुरुष प्रवासी आठवडाभर राहिला, त्याचं आतिथ्य जिवापाड झालं, तरी घराचा आतला भाग त्याला दिसत नाही. त्या गावातल्या निम्म्या माणसांचा आवाजही त्याच्या कानावर पडत नाही. मग तो परत येऊन त्या समाजावर पुस्तक लिहितो, आणि ते अर्ध्या समाजावरचं पुस्तक असतं. सोबत बायको असेल तर तिला आत नेतात. तिथे चूल असते, बाळंतीण असते, शाळा सुटलेल्या मुली असतात, बाहेर कोणी उच्चारणार नाही अशा तक्रारी असतात. रात्री दोघं आपापलं पाहिलेलं एकमेकांना सांगतात तेव्हा कुठे घर पुरं होतं. एकट्या स्त्रीला कधी कधी दोन्ही बाजूंना प्रवेश मिळतो हे मला ठाऊक आहे, आणि तो तिचा मोठा लाभ आहे. पण एकट्या पुरुषापुढे ही भिंत कायम राहते, आणि प्रवासवर्णनांची कपाटं भरली आहेत ती बहुतेक एकट्या पुरुषांनीच.

सुरक्षिततेबद्दल बोलताना मला जपून लिहिलं पाहिजे, कारण त्यात आपल्या देशाची शरम आहे. सोबत नवरा असला की बाईला भीती नाही, हा समज मार्च २०२४ मध्ये झारखंडच्या दुमका जिल्ह्यात मोडून पडला. दोन मोटारसायकलींवर जग फिरणारं एक परदेशी जोडपं तिथे रात्री तंबूत उतरलं होतं. टोळक्याने नवऱ्याला मारहाण केली आणि त्या स्त्रीवर सामूहिक बलात्कार केला. त्यानंतर ती दोघं गप्प बसली नाहीत. त्यांनी स्वतः जगापुढे येऊन सांगितलं, पोलिसांना जबाब दिले, आणि काही दिवसांतच पुढच्या प्रवासाला नेपाळकडे निघाली. या घटनेवरून जोडप्याने जाऊ नये, किंवा बाईने जाऊच नये, असा निष्कर्ष काढणाऱ्यांशी माझं मुळीच जुळत नाही. दोष रस्त्यावर निघणाऱ्याचा नसतो. पण जोडीच्या प्रवासाची बाजू घेताना सुरक्षिततेचं आश्वासन त्यात गुंफू नये, हे मात्र मी मानतो. सोबतीने काही धोके कमी होतात आणि काही अजिबात होत नाहीत. आणि पुढे जायचं की परतायचं हा निर्णय अशा प्रसंगानंतर जर दोघांनी मिळून घेतला, तर त्याच्यामागे जो विश्वास लागतो तो कुठल्याही डोंगरी रस्त्याने मागितलेल्या विश्वासापेक्षा मोठा आहे.

पैसा आणि पासपोर्ट यांचा आक्षेप मी मोकळेपणाने स्वीकारतो. वर घेतलेली बहुतेक नावं श्रीमंत देशांतली आहेत हा योगायोग नाही. आपल्याकडून निघणाऱ्या जोडप्याला नकाशाच पहिल्यांदा अडवतो: वाघ्याहून पलीकडे जाणं भारतीय पर्यटकाला जवळपास अशक्य, म्यानमारचा रस्ता २०२१ च्या लष्करी उठावानंतर भरवशाचा राहिला नाही, चीनमध्ये परदेशी गाडी न्यायची तर परवानाधारक संस्थेमार्फत वाटाड्या घ्यावा लागतो. म्हणून अनेक जण गाडी जहाजाने आखातात पाठवतात आणि तिथून चाकं फिरायला लागतात. गाडीसाठी ‘कारने’ हा सीमाशुल्काचा कागद काढावा लागतो. आपल्याकडे मुंबईच्या वेस्टर्न इंडिया ऑटोमोबाईल असोसिएशनसारख्या संस्था तो देतात, आणि त्यासाठी मोठी रक्कम किंवा बँकेची हमी अडकून पडते. दोन गाड्या असतील तर सगळं दुप्पट. व्हिसा मात्र ज्याचा त्याला. एकाला मिळाला आणि दुसऱ्याला नाकारला की दोघांचाही रस्ता बदलतो. अडचणी खऱ्याच आहेत. पण त्यांनी एकट्याचा प्रवास वर आणि दोघांचा खाली असं काही ठरत नाही. त्या एकट्यालाही लागू आहेत, आणि दोघांना जरा जास्तच.

राहता राहिला तो नातं तुटण्याचा आक्षेप. जिम रॉजर्स आणि टॅबिथा एस्टाब्रूक यांनी १९९० ते १९९२ या काळात मिळून एक लाख किलोमीटरच्या आसपास मजल मारली, आणि नंतर त्यांच्या वाटा वेगळ्या झाल्या. पुढे १९९९ मध्ये रॉजर्स पुन्हा जगप्रवासाला निघाला, या वेळी मोटारीने, पेज पार्करबरोबर. १ जानेवारी २००० ला त्या प्रवासातच दोघांनी इंग्लंडमध्ये लग्न केलं. एकच माणूस, दोन प्रवास, दोन वेगळे शेवट. यावरून प्रवास नाती जोडतो किंवा तोडतो असं काहीच सिद्ध होत नाही. तसं पाहिलं तर मोडणं हे जोडप्यांपुरतंही नाही. क्लॅन्सी एकट्याने जग फिरला असं आपण म्हणतो, पण तो निघाला तेव्हा त्याच्याबरोबर एक सोबती होता आणि तो पॅरिसपुढे गेला नाही. १९२३ मध्ये मुंबईहून सहा पारशी तरुण सायकलवर जगप्रवासाला निघाले. १९२८ मध्ये परत आले ते आदी हकीम, जाल बापासोला आणि रुस्तम भुमगारा हे तिघेच. लांबच्या वाटेवर माणसं गळतात, कारण ती थकतात, त्यांचे हेतू बदलतात, एखादं गाव त्यांना राहण्याजोगं वाटतं. जोडप्याला वेगळी अडचण असते ती चोवीस तासांची. घरी रुसायला जागा असते: एक जण कामावर जातो, दुसरा माहेरी किंवा मित्राकडे, निदान दुसऱ्या खोलीत. रस्त्यावर तंबू एक, भांडं एक, आणि भांडण झालं तरी अर्ध्या तासाने त्याच सीटवर त्याच पाठीमागे बसायचं असतं. रुसलेल्या माणसाच्या खांद्याला धरून वळणावर त्याच्याबरोबर कलावं लागतं, नाही तर गाडी वळत नाही. ही सक्ती काहींना मोडते. काहींना मात्र ती भांडण लवकर संपवायला शिकवते. कामाच्या वाटणीतूनही ताण येतो. एक जण इंजिन, चेन, टायर बघतो. दुसरा कागद, पैसे, रस्ता, जेवण. वाटणी सोयीची खरी, पण ती वर्षभर तशीच राहिली तर एकाला पंक्चर काढता येत नाही आणि दुसऱ्याला सीमेवरच्या अधिकाऱ्याशी बोलता येत नाही, आणि दोघंही एकमेकांवर रागावतात ते या परावलंबनामुळे. अधूनमधून कामं उलटी करावीत, चेनला तेल त्याने नाही तर तिने द्यावं, असं मला वाटतं. भलेही चेन थोडी सैल राहो.

एका गोष्टीची खंत मात्र जोडीच्या प्रवासाबद्दल मला कायम वाटते. इतके प्रवास दोघांनी केले, पण पुस्तकं बहुतेक एकाने लिहिली. रॉजर्सचं पुस्तक १९९४ मध्ये आलं, त्यावर नाव एकट्या रॉजर्सचं. हे परदेशातच घडतं असंही नाही. पु. ल. आणि सुनीताबाई युरोपला गेले ते बरोबर. ‘अपूर्वाई’ १९६० मध्ये आली ती पु. लं.ची, आणि तिचं मराठी मनावरचं ऋण कुणी नाकारणार नाही. पण त्या सहजीवनाची दुसरी बाजू सुनीताबाईंच्या ‘आहे मनोहर तरी’मध्ये वाचायला मराठी वाचकाला १९९० पर्यंत थांबावं लागलं, आणि ती आल्यावर कळलं की एकाच घराकडे, एकाच आयुष्याकडे पाहणारी दोन माणसं किती वेगळं पाहत असतात. आज पुण्या-नाशिक-कोल्हापुरातली पुष्कळ जोडपी गाडीवरून लडाख, स्पिती, भूतान करतात. त्यातली काही उद्या मध्य आशियात, आफ्रिकेत जातील. त्यांच्यापैकी कोणी लिहायला बसेल तेव्हा दोघांनी स्वतंत्र वह्या ठेवाव्यात, एकमेकांच्या वह्या प्रवास संपेपर्यंत उघडू नयेत, आणि प्रकाशकाने त्या शेजारी शेजारी छापाव्यात. तारखा, अंतरं, किमती जुळल्या नाहीत तरी दुरुस्त करू नये. एकाने ‘सोपा घाट’ लिहिलं आणि दुसऱ्याने त्याच घाटाबद्दल दोन पानं भीती लिहिली, तर ती दोन्ही पानं तशीच राहू द्यावीत. असं मराठी पुस्तक माझ्या वाचनात अजून आलेलं नाही, आणि मला ते वाचायचं आहे.